पाचारण देवाचे, अट कोणाची?

ऑक्टोबर 2025 मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपपदी, म्हणजे अँग्लिकन चर्चच्या सर्वांत मानाच्या पदावर, प्रथमच एका स्त्रीची, सारा मुलाली यांची नेमणूक जाहीर झाली आणि सोलापुरातल्या ख्रिस्ती घरांत एक जुना वाद पुन्हा पेटला: स्त्रीने पाळक, म्हणजे चर्चची धर्मगुरू, व्हावे का? आमचे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जागतिक अँग्लिकन परिवारात मोडते, त्यामुळे ही आमच्यासाठी परक्या देशातली बातमी नव्हती. उपासना संपल्यावर चर्चच्या आवारात, वाढदिवसाच्या प्रार्थनेला जमलेल्या नातेवाइकांत, सगळीकडे हाच विषय. एका बाजूचे म्हणणे असे की हे पाश्चात्त्य स्त्रीवादाचे खूळ आहे आणि पवित्र शास्त्राला ते मान्य नाही. दुसरी बाजू म्हणते, मुली कलेक्टर होतात, विमान चालवतात, मग पाळक का नाही? माझ्या ख्रिस्ती नसलेल्या, चळवळीतल्या मैत्रिणींचे म्हणणे आणखी वेगळे: धर्म मुळात पुरुषांनी पुरुषांसाठी रचलेला, त्यात जागा मागायला जाताच कशाला? मला हे तिन्ही युक्तिवाद चुकीचे वाटतात. स्त्रीला पाळकीय दीक्षा मिळावी ही मागणी ख्रिस्ती श्रद्धेच्या पोटातूनच निघते. ती बाहेरून आणून श्रद्धेला चिकटवावी लागत नाही. आणि ती मान्य करवून घेण्यासाठी संघटितपणे झगडणे, म्हणजे स्त्रीवादी काम करणे, हा श्रद्धेशी द्रोह ठरत नाही.

आधी माझ्याच बाजूच्या लोकांशी भांडते. कलेक्टरचे उदाहरण देणाऱ्याने वाद सुरू होण्याआधीच हरायची तयारी केलेली असते. समोरचा शांतपणे सांगतो, “पाळकपण ही नोकरी नाही,” आणि त्याचे म्हणणे खरे असते. पाळकाचा पगार तुटपुंजा, बदल्या ठरलेल्या, वेळीअवेळी कोणाच्या तरी आजारपणाला किंवा मातीला धावणे नेमाचे. हे पद म्हणून मागण्यासारखे त्यात फार थोडे आहे. मग दीक्षेने मिळते काय? प्रभुभोजनाची भाकर मोडण्याचा, बाप्तिस्मा देण्याचा, मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासद समुदायाच्या, नावाने पापक्षमेचे वचन उच्चारण्याचा अधिकार. हा अधिकार कुणाच्या गुणपत्रिकेवरून मिळत नाही. आपल्याकडे त्यासाठी ‘पाचारण’ असे म्हणतात. देव बोलावतो, आणि त्याने बोलावले आहे की नाही हे मंडळी पारखून घेते. गलतीकरांस लिहिताना पौल स्वतःबद्दल पहिल्याच ओळीत ठासून सांगतो की त्याचे प्रेषितपण माणसांकडून आलेले नाही. तेव्हा खरा प्रश्न समान संधीचा नाही. देव स्त्रीला या सेवेसाठी बोलावतो का, हा प्रश्न आहे. बोलावत असेल, तर तिला दाराशी थांबवणारे आपण कोण?

विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा बारा शिष्यांचा आहे आणि तो हसण्यावारी नेता येत नाही. येशूने रूढी मोडायला कधी मागेपुढे पाहिले नाही. विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीशी तो भर दुपारी बोलला. रक्तस्रावी स्त्रीने त्याचा पदर धरला, तेव्हा विटाळाची भाषा त्याने काढली नाही. असा येशू बारा निवडताना बाराही पुरुषच निवडतो, तर त्यामागे त्याचा काही हेतू असलाच पाहिजे, असा हा युक्तिवाद. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1994 च्या पत्रात प्रामुख्याने याच आधारावर सांगितले की स्त्रियांना धर्मगुरुपदाची दीक्षा देण्याचा अधिकारच चर्चला नाही. ‘आम्ही देत नाही’ आणि ‘आम्हाला देता येत नाही’ यांत फरक आहे, आणि ही भूमिका घेणारे सगळे स्त्रीद्वेष्टे असतात असे मी मानत नाही.

पण निवडीत दिसलेली प्रत्येक गोष्ट जर कायमची अट ठरत असेल, तर ते बाराही जण यहूदी होते, हे विसरून कसे चालेल? बारा ही संख्याच इस्राएलाच्या बारा वंशांशी जोडलेली. या न्यायाने सोलापूरच्या लष्कर, फॉरेस्ट या वस्त्यांत किंवा बार्शी-पंढरपुरात राहणाऱ्या एकाही मराठी माणसाला पाळक होता आले नसते. आरंभीच्या मंडळीपुढे नेमका हाच पेच आला होता. परराष्ट्रीयांना, म्हणजे यहूदी नसलेल्यांना, सुंता न करता आत घ्यायचे का? शास्त्रवचन सुंतेच्या बाजूने स्पष्ट होते, परंपरा हजार-दीड हजार वर्षांची होती. तरी कर्नेल्य या परराष्ट्रीय शताधिपतीच्या घरी पवित्र आत्मा उतरलेला पाहून पेत्राने विचारले की यांना पाण्याने बाप्तिस्मा देण्यास कोण मनाई करील? पुढे यरुशलेमच्या सभेने त्या अनुभवाच्या उजेडात शास्त्र नव्याने वाचले. ख्रिस्ती मंडळीतला पहिला मोठा वाद अशा रीतीने मिटला, आणि तो तसा मिटला म्हणूनच आज आपण ख्रिस्ती आहोत. पुनरुत्थानाची वार्ता त्या बारांतल्या उरलेल्यांना कळवायला येशूने ज्या व्यक्तीला पाठवले ती मग्दालीया मरीया होती, हे तर वादातल्या सगळ्याच बाजूंना मान्य आहे. कॅथलिक चर्चने 2016 मध्ये तिच्या स्मृतिदिनाला प्रेषितांच्या सणाचा दर्जा दिला. प्रेषितांकडे पाठवलेली स्त्री चालते आणि सोलापूरच्या मंडळीकडे पाठवलेली चालत नाही, याची संगती कशी लावायची?

पौलाचा मुद्दा याहून अवघड आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात स्त्रीने शिकवू नये, पुरुषावर अधिकार चालवू नये, असे शब्द आहेत. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे असे आहे. ही वचने नाहीतच असे भासवणे किंवा पौलाला एका वाक्यात निकालात काढणे मला जमत नाही. ज्या पुस्तकावर माझी श्रद्धा आहे त्यातली नकोशी पाने फाडून मी पुढे जाऊ शकत नाही. पण मग सगळीच पाने वाचायला हवीत. त्याच करिंथकरांच्या पत्रात तीन अध्याय मागे पौल स्त्रियांनी मंडळीत प्रार्थना करताना व संदेश देताना डोक्यावर आच्छादन घ्यावे असे सांगतो. बोलायचेच नसते तर बोलताना काय घ्यावे याचा नियम कशाला? रोमकरांस पत्राच्या शेवटी तो किंख्रियाच्या मंडळीची सेविका फीबी हिची शिफारस करतो, युनिया या आणखी एका स्त्रीला सलाम पाठवतो. प्रिस्किल्ला आणि तिचा नवरा अक्विल्ला यांनी अपुल्लोसारख्या विद्वान वक्त्याला घरी नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला, असे प्रेषितांची कृत्ये सांगतात. स्त्रीने पुरुषाला शिकवल्याची ही नोंद मंडळीने लाजेने लपवली नाही, जपून ठेवली. आपल्याकडे शब्बाथ शाळेत बायका शिकवतात, त्यांच्या हाताखाली आजचे निम्मे पाळक शिकले. त्यावर कुणी तीमथ्याचे पत्र काढून दाखवत नाही. त्याच पत्रात सोने, मोती आणि मोलवान वस्त्रांची मनाई आहे. ती ईस्टरच्या उपासनेत कोणी लागू करत नाही. म्हणजे वचन सरसकट पाळण्याचा आग्रह मुळात कोणाचाच नाही. निवड आपण सगळेच करतो. मग निवडीचा निकष काय, हे तरी उघड सांगितले पाहिजे.

इतिहासाने हा निकष एकदा कसोटीला लावून पाहिला आहे. दासांनो, आपल्या धन्यांच्या आज्ञेत राहा, हे इफिसकरांस पत्रातले वचन अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामांच्या मालकांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरले. वचन खरेच तिथे आहे. सोलापूर-नगरकडे मिशनरी पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्डालाही या प्रश्नाने हादरा दिला. बोर्ड गुलामगिरीविरुद्ध ठाम उभे राहत नाही म्हणून वैतागलेल्या ख्रिस्ती लोकांनी 1846 मध्ये अमेरिकन मिशनरी असोसिएशन ही वेगळी संस्था काढली. एकेका वचनावर बोट ठेवणारे गुलामगिरीच्या बाजूला राहिले. ख्रिस्तामध्ये दास व स्वतंत्र हा भेद नाही असे म्हणणारे दुसऱ्या बाजूला गेले. आज कोणाचे बरोबर होते याबद्दल कुणालाच शंका नाही. आणि गलतीकरांच्या ज्या ओळीत दास व स्वतंत्र येते, त्याच ओळीत पुढे पुरुष व स्त्री येते. अर्धी ओळ स्वीकारून अर्धी नाकारायची, तर त्याचे कारण शास्त्राबाहेर कुठेतरी शोधावे लागेल.

‘हे पाश्चात्त्य आहे’ या आरोपावर मला थोडे सविस्तर बोलायचे आहे, कारण सोलापुरात बसून हा आरोप करणे फारच विचित्र आहे. या शहरात अमेरिकन मराठी मिशनच्या बायकांनी मुलींची वोरोनोको शाळा चालवली, मेरी हार्डिंग यांनी बालवाडीचे आणि बालशिक्षिका घडवण्याचे काम उभे केले. शहाण्या, कष्टाळू, प्रार्थनाशील स्त्रिया. पण व्यासपीठ आणि प्रभुभोजनाचा मेज पुरुषांचा. याच मिशनची मुळे ज्या काँग्रिगेशनल (प्रत्येक मंडळी आपला कारभार स्वतः पाहते अशा) परंपरेत होती, तिच्याच एका मंडळीने न्यूयॉर्क राज्यातल्या साउथ बटलर गावात 1853 मध्ये अँटोनेट ब्राउन यांना पाळक म्हणून दीक्षा दिली होती. म्हणजे त्या परंपरेत दोन्ही शक्यता होत्या आणि आपल्यापर्यंत बंदी तेवढी पोचली. मनाई ज्या जहाजातून आली त्या जहाजाला कोणी पाश्चात्त्य म्हणत नाही. मागणीला मात्र लगेच परदेशी ठरवले जाते.

आणि या मागणीला इथला आवाज नव्हता काय? सोलापूरहून पुण्याला रेल्वेने जाताना दौंड सोडले की केडगाव लागते. तिथे पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन उभारले. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर त्या चेल्टनहॅमच्या कॉलेजात होत्या. तिथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे काय असा प्रश्न निघाला, आणि भारतातल्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाई गप्प बसल्या नाहीत. भारतातल्या पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले आहे, आता तसलेच दुसरे घेणार नाही, अशा आशयाचे त्यांनी इंग्लंडातल्या आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शक सिस्टर जेराल्डिन यांना कळवले. हे 1885 च्या सुमाराचे आहे. तेव्हा पश्चिमेतल्या बहुतेक चर्चांत स्त्रीच्या दीक्षेचा विषयही निघत नव्हता. याच रमाबाई पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणले. ते 1924 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. देवाचे वचन मूळ भाषांतून मराठीत आणण्याची योग्यता जिच्यात होती, तिला त्या वचनावर मंडळीपुढे उपदेश करायची परवानगी एखाद्या पुरुषाकडून घ्यावी लागावी, हे कोणाला पटते? रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. गावोगाव, घरोघर फिरून शुभवर्तमान सांगणाऱ्या बायबल बाया नसत्या तर आमच्या आज्या-पणज्यांच्या कानावर येशूचे नाव कधी पडले असते? या सगळ्या स्त्रीवादी होत्या असा दावा मी करत नाही. पण मराठी ख्रिस्ती श्रद्धा अर्धीअधिक बायकांच्या तोंडून पसरली, हे नाकारता येणार नाही.

आपल्या शेजारीही बघण्यासारखे आहे. सोलापूर हे सिद्धरामेश्वरांचे गाव. बाराव्या शतकातल्या ज्या शरणांमध्ये ते वावरले, त्यांत अक्कमहादेवीसारख्या स्त्रिया बरोबरीने बोलत होत्या, वचने रचत होत्या. मंगळवेढ्याची कान्होपात्रा, चांगदेवांची गुरू मुक्ताबाई, नामदेवांच्या घरची जनी यांचे अभंग या जिल्ह्यात प्रत्येक वारीत गायले जातात. पण भक्तीचे कौतुक आणि अधिकार यांत फार मोठे अंतर असते. जनीचे अभंग शेकडो वर्षे गाइले गेले, तरी विठ्ठलाची पूजा बडव्यांच्याच हाती राहिली. जानेवारी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपले. त्यानंतर मंदिर समितीने पुजारी नेमण्यासाठी अर्ज मागवले ते सर्व जातींकडून आणि स्त्रियांकडूनही. लिंगायत परंपरेत माते महादेवी 1970 मध्ये जगद्गुरुपदावर बसल्या. पुण्यात स्त्रिया पौरोहित्य करू लागल्याला कित्येक वर्षे झाली. या सगळ्यांना आपापल्या समाजातून विरोध झाला आणि अजूनही होतो. तरी ख्रिस्ती मंडळीचा आरसा म्हणून मी हे सांगते, कारण आमचे दुखणे तेच आहे. बाईची भक्ती आम्हाला हवी असते. गायनमंडळ, भगिनी मंडळ, शब्बाथ शाळा, वर्गणी, आजाऱ्यांच्या भेटी, ख्रिसमसची सगळी धावपळ तिची. भाकर मोडण्याची वेळ आली की हात पुरुषाचा लागतो.

आता एक हरकत जी मला खरोखर अडखळवते. आपण अल्पसंख्य आहोत, दिवस बरे नाहीत, अशा वेळी घरातला वाद चव्हाट्यावर कशाला आणायचा? ही भीती खोटी नाही आणि ती बोलून दाखवणाऱ्यांना मी भ्याड म्हणणार नाही. पण या शहरातच या हरकतीला जुने उत्तर मिळालेले आहे. 1938 च्या आरंभी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सोलापुरात ख्रिस्ती लोकांपुढे बोलले होते. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांनी आपल्याला मोहून टाकले असे त्यांनी त्या भाषणात सांगितले. आणि त्याच भाषणात, एक समाज म्हणून भारतीय ख्रिस्ती लोक सामाजिक अन्याय दूर करायला कधी लढले नाहीत, असा स्पष्ट ठपकाही ठेवला. ख्रिस्ताची इतकी थोरवी सांगून मग त्याच्या अनुयायांची चूक दाखवणारा तो माणूस आमचा शत्रू नव्हता. आपल्या मराठी मंडळ्यांतले बहुसंख्य लोक अशा घरांतून आले, ज्यांना देवळाच्या पायरीलाही शिवू दिले जात नव्हते. जन्मावरून कुणाला देवाच्या सेवेपासून दूर ठेवणे म्हणजे काय, हे आम्हाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. तोच नियम आमच्याच मुलींना आम्ही लावायचा? गप्प राहून जपलेली एकजूट ही मुख्यतः गप्प बसणाऱ्यांच्या खर्चाने जपली जाते, आणि इथे गप्प बसणाऱ्या बायका आहेत.

चळवळीतल्या मैत्रिणींचा आक्षेप वेगळ्या दिशेने येतो, आणि त्यात तथ्य आहे. त्या म्हणतात, दीक्षा मिळवून तुम्ही त्याच उतरंडीत एक पायरी वर चढाल, उतरंड जाग्यावरच राहील. स्त्री बिशपही पुरुष बिशपाइतकीच हुकूमशहा होऊ शकते. होय, होऊ शकते. झगा घातल्याने कोणी नम्र होत नाही. त्या पुढे विचारतात, बाबासाहेब तर धर्म सोडून गेले, तुम्ही का राहता? याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. ज्या शास्त्रांनी विषमता सांगितली त्या शास्त्रांचे प्रामाण्यच नाकारले पाहिजे, अशा निष्कर्षाला ते आले आणि बाहेर पडले. शुभवर्तमानाविषयी माझा निष्कर्ष उलटा आहे. विषमता आमच्या व्यवहारात आहे, आणि तिला दोषी ठरवायचे साधन ते शुभवर्तमानच माझ्या हातात देते. येशू हाच ख्रिस्त, देवाचा पुत्र, अशी मार्थेने लाजराच्या कबरीच्या वाटेवर दिलेली कबुली पेत्राच्या कबुलीइतकीच भरीव आहे, ती मी लहानपणापासून ऐकत आले. मग घर माझे असताना मी का बाहेर जावे? शिवाय मी गेले तरी रविवारी बाकांवर बसणाऱ्या बायका तिथेच राहणार. त्यांच्यापैकी एखादीला सतराव्या वर्षी वाटले की देव आपल्याला बोलावतो आहे, तर तिच्याशी कोण बोलेल? धर्म सोडलेली स्त्री तिला फार काही देऊ शकत नाही. रमाबाईंनी दोन्ही गोष्टी एकत्र करून दाखवल्या: जू नाकारले आणि ख्रिस्त सोडला नाही.

‘लोक स्वीकारणार नाहीत’ ही शेवटची ढाल. 1912 मध्ये व्ही. एस. अझरय्या भारतातले पहिले भारतीय अँग्लिकन बिशप झाले तेव्हाही हेच म्हटले गेले होते की गोरे लोक काळ्या बिशपाच्या हाताखाली कसे राहतील. फ्लॉरेन्स ली टिम-ओई या चिनी स्त्रीची गोष्ट तर याहून बोलकी आहे. महायुद्धात मकाऊला एकही अँग्लिकन पुरोहित पोचू शकत नव्हता, म्हणून बिशप रोनाल्ड हॉल यांनी 25 जानेवारी 1944 रोजी त्यांना दीक्षा दिली. लोकांनी त्यांच्या हातून प्रभुभोजन घेतले, कोणाचे काही बिघडले नाही. युद्ध संपले आणि चर्चच्या दबावाखाली त्यांना ती सेवा थांबवावी लागली. हाँगकाँगच्या चर्चने त्यांचे पुरोहितपण पुन्हा मानले ते 1971 मध्ये. संकटात चालते आणि सोयीत चालत नाही, अशी ही मनाई. आपल्याकडेही मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिनाला सगळी उपासना बायका चालवतात, उपदेशही त्याच करतात, आणि पुरुष खाली बसून आमेन म्हणतात. पवित्र आत्मा त्या शुक्रवारी त्यांच्या तोंडून बोलू शकतो, तर रविवारी त्याला कोण अडवते?

कॅथलिक बंधुभगिनींची वाट लांबची आहे. 2021 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वाचक आणि वेदीसेवक ही पदे स्त्रियांना नियमाने खुली केली, दीक्षेचे दार बंदच आहे. आमची सबब मात्र तितकीशी चांगली नाही. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, आणि पुढे त्याने स्त्रियांना दीक्षा देण्याचा मार्ग मोकळा केला. दक्षिणेतल्या चर्च ऑफ साउथ इंडियाने एलिझाबेथ पॉल यांना 1976 मध्ये दीक्षा दिली, आणि 2013 मध्ये एग्गोनी पुष्पललिता नंद्यालच्या बिशप झाल्या. म्हणजे चर्चचा कायदा आपल्या बाजूने आहे. अडते ते गावातल्या मंडळीपाशी. बी.डी. (धर्मशास्त्राची पदवी) होऊन आलेल्या मुलीला वसतिगृहाची वॉर्डन करायचे, शाळेत धाडायचे, किंवा पाळकाशी लग्न झाले की पाळकीणबाई म्हणून बिनपगारी राबवून घ्यायचे, ही पद्धत कोणत्याही घटनेत लिहिलेली नाही. ती आपल्या पास्टरेट कमिट्यांच्या, म्हणजे स्थानिक मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समित्यांच्या, बैठकांत, चहा पिता पिता ठरते. तेव्हा काम तिथेच करायला हवे. भगिनी मंडळांनी कमिटीत बसायला हवे, नुसते चहाचे बघायला नव्हे. पुण्याच्या सेमिनरीत शिकायला जाणाऱ्या मुलीचा खर्च मंडळीने मुलाच्या खर्चाइतक्याच आनंदाने उचलायला हवा. आणि पुढच्या वेळी पाळकाची बदली होईल तेव्हा कमिटीने बिशपांना लिहायच्या पत्रात ‘स्त्री पाळक दिल्यास आम्ही आनंदाने स्वीकारू’ एवढी एक ओळ घालावी. त्यासाठी सिनॉडच्या, म्हणजे चर्चच्या सर्वोच्च सभेच्या, नव्या ठरावाची वाट पाहायचे कारण नाही.